डेनिस रिची : ‘सी’चा कर्ता आणि न संपणारी डागडुजी

२०११ च्या ऑक्टोबर महिन्यात संगणकाच्या जगाने आठवड्याभराच्या अंतराने दोन माणसे गमावली. ५ ऑक्टोबरला ‘ॲपल’चे स्टीव्ह जॉब्ज गेले आणि जगभरच्या वृत्तपत्रांची पहिली पाने त्या बातमीने भरून गेली. १२ ऑक्टोबरला अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बर्कले हाइट्स येथील आपल्या घरी सत्तर वर्षांचे एक निवृत्त संशोधक मृतावस्थेत आढळले. ते अविवाहित होते, एकटेच राहत असत. नेमका मृत्यू कधी ओढवला हेही निश्चित सांगता येत नव्हते. एका जुन्या सहकाऱ्याने इंटरनेटवर लिहिलेल्या छोट्याशा नोंदीमुळे ही बातमी बाहेर आली. डेनिस मॅकअलिस्टेअर रिची हे त्यांचे नाव. जॉब्ज यांच्या कंपनीचे संगणक आणि फोन ज्या पायावर उभे आहेत, त्यातील कितीतरी दगड रिची यांनी घडवलेले होते, ही गोष्ट बहुतेकांना तेव्हा प्रथमच कळली.

रिची यांनी ‘सी’ ही संगणकभाषा घडवली आणि केन थॉम्पसन यांच्यासह ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली उभी केली. या दोहोंच्या मधोमध एक तिसरी वस्तू आहे. तिची चर्चा सहसा होत नाही. ती म्हणजे ‘सी’ची मूळ लायब्ररी. पडद्यावर अक्षर उमटवणे, फाइल उघडणे, मजकुराची नक्कल करणे, दूरच्या संगणकाचा पत्ता शोधणे अशी नेहमीची कामे प्रत्येक आज्ञावलीने नव्याने लिहायची नसतात. ती या सामायिक साठ्यातून तयार उचलायची असतात. स्वयंपाकघरात भाज्या निराळ्या असल्या तरी हात एकाच मिसळणाच्या डब्याकडे जातो. त्या डब्यात काही बिघडलेले असेल तर त्या दिवशीच्या सगळ्याच पदार्थांना त्याची बाधा होते. या लायब्ररीचेही तसेच आहे. तिच्यातील एक चूक म्हणजे तिच्यावर विसंबलेल्या हजारो आज्ञावलींतील चूक. त्या चुका शोधण्याचे आणि बुजवण्याचे काम गेली कित्येक दशके अखंड चालू आहे, आणि त्याची मुळे रिची यांच्या आयुष्यातील काही निर्णयांपर्यंत जाऊन पोहोचतात.

नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, हे नाव अनोळखी असण्याचे कारण नाही. १९८३ साली रिची आणि थॉम्पसन यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि लोणीचे प्रवरा, संगमनेरचे अमृतवाहिनी व कोपरगावचे संजीवनी ही तीन महाविद्यालये सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात सुरू झाली. उसाच्या पट्ट्यातील मुले संगणकाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसू लागली, तेव्हा पुढची कित्येक वर्षे त्यांच्या हाती पडणारी पहिली भाषा बहुधा ‘सी’च असे. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या पुस्तकाने ती भाषा राज्याबाहेरही घरोघर नेली. पुण्याच्या हिंजवडीत आणि मगरपट्ट्यात नोकरीला लागलेल्या नगरच्या अभियंत्यांपैकी कितीतरी जणांचा या व्यवसायातील श्रीगणेशा रिची यांच्या भाषेत झालेला आहे.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील अलिस्टेअर रिची हे बेल प्रयोगशाळेत काम करणारे शास्त्रज्ञ. टेलिफोनच्या जोडणीमंडलांच्या रचनेवरील एका मान्यवर ग्रंथाचे ते सहलेखक होते. पुढे कुटुंब न्यू जर्सीतील समिट या गावी स्थिरावले आणि डेनिस तेथेच वाढले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली ती १९६३ साली. त्यानंतर ते गणिताकडे वळले. गणनक्रियांच्या चढत्या श्रेणी हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आणि १९६८ पर्यंत तो लिहूनही झाला होता. परंतु बांधणी केलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करण्याचा सोपस्कार त्यांनी पुरा केला नाही. त्यामुळे ज्यांना पुढे जगाने डॉक्टर म्हणून संबोधले, त्यांना ती पदवी रीतसर कधी मिळालीच नाही. असे का केले याचा खुलासा त्यांनी कधी फारसा केला नाही. बिनमहत्त्वाच्या औपचारिकतेचा कंटाळा हा त्यांच्या स्वभावाचाच एक भाग होता, असे त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहता वाटते.

१९६७ साली वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून ते बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. त्या वेळी तेथे ‘मल्टिक्स’ नावाच्या एका महत्त्वाकांक्षी कार्यप्रणालीचे काम तीन संस्था मिळून करत होत्या. एकाच मोठ्या संगणकावर शेकडो लोकांनी एकाच वेळी काम करावे आणि तरीही प्रत्येकाची माहिती सुरक्षित राहावी, हा त्यामागचा हेतू होता. काम लांबत गेले, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले. थॉम्पसन यांनी अडगळीत पडलेला पीडीपी-७ हा लहान संगणक शोधून काढला आणि त्या उन्हाळ्यात त्यावर एक छोटी, सुटसुटीत प्रणाली रचली. रिची त्यांच्यासोबत होते. हीच युनिक्सची सुरुवात. पुढे प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाला दस्तऐवज तयार करण्याचे साधन हवे होते. त्या निमित्ताने पीडीपी-११ हा नवा संगणक पदरात पडला. त्याची स्मृती होती अवघी २४ किलोबाइट. आजच्या साध्या मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही तेवढ्या जागेत मावणार नाही. एवढ्याशा जागेत कार्यप्रणाली आणि तिच्यावर काम करणारे लोक अशी दोघांचीही सोय लावायची होती.

या जागेच्या चणचणीत ‘सी’चा जन्म झाला. थॉम्पसन यांच्या ‘बी’ या भाषेत सर्व माहितीचा एकच प्रकार होता. नव्या संगणकाला अक्षर आणि अंक यांत फरक करणारी भाषा हवी होती. १९७१ ते १९७३ या काळात रिची यांनी ‘बी’मध्ये प्रकारांची व्यवस्था आणली, रचना आणल्या आणि भाषेला नवे रूप दिले. १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा या भाषेत पुन्हा लिहिला गेला. तोपर्यंत कार्यप्रणाली ही विशिष्ट यंत्राच्या यंत्रभाषेतच लिहायची असते, असा रूढ समज होता. या एका कामाने तो मोडला. आता युनिक्स एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येणार होती, आणि तशी ती नेलीही गेली.

रिची यांच्या भाषेने कारागिरावर पूर्ण विश्वास टाकला. आज्ञावली लिहिणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक आहे, असे ‘सी’ गृहीत धरते आणि त्याच्या हातात थेट स्मृतीचे पत्ते देते. शब्द किंवा वाक्य साठवताना त्याची लांबी कोठे नोंदवली जात नाही. शेवटी शून्याची एक खूण ठेवली की मजकूर तेथे संपला असे समजायचे. ही पद्धत ‘बी’पासून चालत आलेली होती. लांबी लिहायला जागा लागते, ती लहान जागेत लिहिली तर मजकुराच्या आकारावर मर्यादा येते आणि ती सांभाळत बसणे गैरसोयीचे होते, असा त्यामागचा हिशेब. त्या काळच्या यंत्रांवर हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु या हिशेबाची किंमत पुढे फार मोठी निघाली.

ती कशी, हे समजण्यासाठी सातबाऱ्याचा जुना हस्तलिखित उतारा डोळ्यांसमोर आणावा. नावाचा रकाना ठरावीक रुंदीचा असतो. लिहिणाऱ्याने रकान्याची रेघ न पाहता लांबलचक नाव लिहीत नेले तर अक्षरे शेजारच्या क्षेत्राच्या रकान्यात शिरतील आणि पुढे तो उतारा वाचणारा त्या अक्षरांनाच क्षेत्र समजेल. संगणकाच्या स्मृतीतही राखून ठेवलेल्या जागेपेक्षा मोठा मजकूर आला की तो शेजारच्या जागेवर पसरतो. त्या शेजारच्या जागेत आज्ञावलीने पुढे कोठे जायचे याचा पत्ता असेल, तर तो पुसला जातो. मजकूर पाठवणारा लबाड असेल तर तो आपल्याला हवा तो पत्ता तेथे लिहितो, आणि यंत्राचा ताबा त्याच्याकडे जातो. संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात सर्वात बदनाम ठरलेला दोष तो हाच.

लायब्ररीतील एक फंक्शन या दोषाचे जणू प्रतीक बनले. ‘गेटएस’ हे त्याचे नाव. वापरणाऱ्याने टंकलेली ओळ उचलून सांगितलेल्या जागी नेऊन ठेवणे, एवढेच त्याचे काम. ती जागा किती मोठी आहे हे त्याला सांगण्याची सोयच नव्हती. ओळ संपेपर्यंत ते भरतच राहायचे. लायब्ररीचा हा भाग एकट्या रिची यांनी लिहिलेला नव्हे. माहिती आत घेण्याच्या आणि बाहेर देण्याच्या फंक्शनांचा पहिला संच त्यांचे सहकारी माइक लेस्क यांनी सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात बांधला. त्यातूनच विकसित झालेला संच १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत सर्वत्र गेला. त्याच संचात जागेची मर्यादा पाळणारे दुसरे फंक्शनही होते. पण ‘गेटएस’ वापरायला सोपे होते, आणि सोपे ते रुळले.

मरे हिलच्या त्या इमारतीत याचा कोणाला त्रास होण्याचे कारण नव्हते. यंत्र वापरणारी माणसे मोजकी, एकमेकांना ओळखणारी. कोणी मुद्दाम हजार अक्षरांची ओळ पाठवून शेजाऱ्याचे काम बिघडवील, ही शक्यता चेष्टेपुरतीच होती. म्हणून सुरक्षेचे भान रिची यांना नव्हते असे मात्र म्हणता येत नाही; उलट त्यांच्या कामाची ही बाजू उपेक्षितच राहिली आहे. सामान्य वापरकर्त्याला एखादे काम मालकाच्या अधिकाराने, पण तेवढ्यापुरतेच, करू देणारी युक्ती त्यांनी शोधली. आपला परवलीचा शब्द आपणच बदलता यावा, पण सगळ्यांच्या शब्दांची फाइल हाताळता येऊ नये, असे काम या युक्तीने साधते. १९७३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला, १९७९ मध्ये ते मिळाले आणि पुढे ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. सातव्या आवृत्तीच्या कागदपत्रांत युनिक्सच्या सुरक्षेवर रिची यांचे एक टिपणही आहे. ही प्रणाली सुरक्षेचा काटेकोर विचार समोर ठेवून बांधलेली नाही, हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता मान्य केले आणि तिच्यातील कच्चे दुवे स्वतःच दाखवून दिले. आपल्या निर्मितीविषयी निर्मात्यानेच एवढ्या मोकळेपणाने लिहावे, हे तेव्हाही दुर्मिळ होते आणि आजही आहे.

गुप्तलेखनातही त्यांना रस होता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बेल प्रयोगशाळेतील सहकारी रॉबर्ट मॉरिस आणि गणितज्ञ जिम रीड्स यांच्यासह त्यांनी दुसऱ्या महायुद्धातील एम-२०९ या सांकेतिक यंत्राचे संदेश उलगडण्याची रीत शोधली आणि तिच्यावर लेखही तयार केला. अमेरिकेच्या गुप्तचर वर्तुळातून आलेल्या सूचनेनंतर तिघांनी तो प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. हे मॉरिस म्हणजे युनिक्सच्या परवलीच्या शब्दांची व्यवस्था थॉम्पसन यांच्यासह बळकट करणारे तज्ज्ञ. त्यांचे आडनाव पुढे एका निराळ्याच कारणाने गाजायचे होते.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निघन यांच्यासह रिची यांनी ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक लिहिले. सव्वादोनशे पानांच्या आसपासचे ते पुस्तक पुढची दहा वर्षे भाषेचे प्रमाण मानले गेले. दरम्यान ‘सी’ आणि युनिक्स विद्यापीठांत पसरली होती. अमेरिकन टेलिफोन कंपनीवर १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे संगणक विक्रीच्या धंद्यात उतरण्यास बंदी होती. त्यामुळे युनिक्स शिक्षणसंस्थांना नाममात्र शुल्कात मिळत राहिली. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाने तिच्यात बरीच भर घातली आणि तिला इंटरनेटशी जोडले. ओळखीच्या माणसांसाठी बांधलेल्या घराची दारे अशा रीतीने अनोळखी रस्त्यावर उघडली. कुलपे मात्र जुनीच राहिली.

२ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री याचा प्रत्यय आला. कॉर्नेल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या नकला करत पसरणारी आज्ञावली काही तासांत अमेरिकेतील हजारो संगणकांत शिरली. त्या वेळी इंटरनेटवर सुमारे ६० हजार संगणक होते. त्यांपैकी ६ हजारांच्या आसपास बाधित झाल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. शिरकावाच्या वाटांपैकी एक होती बर्कलेच्या युनिक्समधील ‘फिंगर’ ही सेवा. या सेवेने ५१२ अक्षरांची जागा राखून ठेवली होती आणि ती भरण्यासाठी ‘गेटएस’ वापरले होते. किड्याने ५३६ अक्षरे पाठवली. चोवीस अक्षरे रेघेपलीकडे गेली आणि यंत्र त्याच्या ताब्यात आले. तो विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, रिची यांचे एके काळचे सहकारी रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा. वडील तेव्हा सरकारच्या संगणक सुरक्षा केंद्रात वरिष्ठ पदावर होते. योगायोगाची ही कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे, पण तिच्यातील गंभीर भाग पुढचा आहे. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांना तोंड देणारे पहिले समन्वय केंद्र स्थापन झाले, फिंगर सेवा दुरुस्त झाली आणि ‘गेटएस’ मात्र होते तेथेच राहिले. १९८९ मध्ये ‘सी’चे पहिले अमेरिकन प्रमाण जाहीर झाले तेव्हा त्यातही त्याला जागा मिळाली. अगणित आज्ञावली त्याच्यावर उभ्या होत्या. ते काढावे तर त्या मोडतील, ही भीती होती.

प्रमाण ठरवणाऱ्या समितीच्या कामात रिची फारसे पडले नाहीत. एकदाच त्यांनी कडाडून विरोध केला. भाषेत घालू पाहिलेला एक नवा शब्द कारागिराच्या नकळत आज्ञावली बिघडवील, असे त्यांनी १९८८ मध्ये समितीला लिहून कळवले आणि तो शब्द मागे घेतला गेला. दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी स्वतः एक सुधारणा सुचवली. ती फारशी कोणाच्या स्मरणात नाही, पण त्यांच्या चरित्रात तिला मोठी जागा द्यायला हवी. स्मृतीच्या पत्त्यासोबत त्या जागेची लांबीही वाहून नेणारा पॉइंटर भाषेत असावा, असा तो प्रस्ताव होता. आकार बदलू शकणाऱ्या ॲरे हाताळणे हा त्याचा मूळ हेतू. पण लांबी सोबत असती तर रेघ कोठे आहे हे विचारता आले असते आणि ती ओलांडली की थांबवताही आले असते. प्रमाणात तो स्वीकारला गेला नाही. १९९९ च्या प्रमाणाने वेगळा मार्ग धरला. जी गोष्ट दोन दशकांपूर्वी जागेअभावी सोडून दिली होती, ती भाषेचा कर्ता परत आणू पाहत होता. तोवर भाषा त्याच्या एकट्याच्या हातात राहिलेली नव्हती.

लायब्ररीही आता अनेकांची झाली होती. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती मुळापासून नव्याने लिहायला घेतली. बेल प्रयोगशाळेतील एकही ओळ तिच्यात उचललेली नव्हती. पण फंक्शनांची नावे, त्यांची रीत आणि शून्याच्या खुणेचा संकेत तोच ठेवणे भाग होते. लिनक्सवर चालणारे बहुसंख्य सर्व्हर आज याच ग्नू लायब्ररीवर उभे आहेत. दर सहा महिन्यांनी तिची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीसोबत बुजवलेल्या दोषांची यादी असते. तिच्यात मराठीचाही एक कोपरा आहे: महिन्यांची आणि वारांची मराठी नावे, तारीख लिहिण्याची आपली पद्धत हे सारे तिच्या भाषाविषयक नोंदींत समाविष्ट आहे. पुण्यात बसून या लायब्ररीची देखभाल करणारे अभियंतेही झाले.

या डागडुजीचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी २०१५ चे एक प्रकरण पुरेसे आहे. त्या वर्षी २७ जानेवारीला ‘घोस्ट’ नावाचा दोष जाहीर झाला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता काढणाऱ्या फंक्शनमध्ये, जागेचा हिशेब करताना चूक झाल्याने, फार तर ८ बाइट रेघेबाहेर जात होते. तेवढ्यावर केवळ एक ई-मेल पाठवून दूरच्या सर्व्हरचा ताबा मिळवता येतो, हे ‘क्वालिस’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सिद्ध केले. हा दोष २००० सालच्या आवृत्तीपासून तेथे होता. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की तो मे २०१३ मध्येच दुरुस्त झालेला होता. मात्र दुरुस्ती करणाऱ्यांना ती साधी चूक वाटली; तिच्यातून घरफोडी होऊ शकते हे कोणाच्या लक्षात आले नाही. त्यामुळे दीर्घकाळ टिकण्यासाठी राखलेल्या लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांपर्यंत ती पोहोचलीच नाही, आणि जगातले असंख्य सर्व्हर पुढे पावणेदोन वर्षे उघडे राहिले.

नगरकरांना या अडचणीचे जुने उदाहरण ठाऊक आहे. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. हातोहात नकला होत गेल्या, पाठ बिघडत गेले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे जवळपास तीनशे वर्षांनी, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाहत शुद्ध पाठ सिद्ध केला. शुद्ध प्रत तयार होणे हे एक काम. घरोघरच्या पोथ्या बदलल्या जाणे हे दुसरे, आणि बहुधा अधिक अवघड. संगणकाच्या लायब्ररीचेही नेमके येथेच अडते. दुरुस्ती प्रसिद्ध झाली तरी ती प्रत्येक यंत्रात बसवावी लागते, आणि ते बसवणारा माणूस कोठल्या तरी कार्यालयात दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, पत्ता शोधणाऱ्या दुसऱ्या एका फंक्शनमध्ये याच जातीचा दोष निघाला. गुगल आणि रेड हॅट या दोन कंपन्यांच्या अभियंत्यांना तो स्वतंत्रपणे सापडला होता. तो २००८ पासून तेथे दडून होता. ऑक्टोबर २०२३ मधील प्रकरण तर थेट रिची यांच्या दारी येऊन थांबते. लायब्ररीचा जो भाग आज्ञावली सुरू होताना तिचे सुटे अवयव जोडतो, त्यात २०२१ साली शिरलेली एक चूक उघडकीला आली. मजकूर जागेपेक्षा लांब झाला की पसरायचा, हा दोष जुनाच. पण त्याचा फायदा घेण्यासाठी हल्लेखोर वापरत होता मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावली, म्हणजे रिची यांनी १९७३ मध्ये पेटंटसाठी नेलेलीच युक्ती. जोडणी ढिली राहिली तर उसना दिलेला अधिकार उसना राहत नाही, हे पन्नास वर्षांनंतर पुन्हा दिसून आले.

अशा घटनांची बेरीज होत गेली तसा ‘सी’कडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलत गेला. स्मृतीची रेघ भाषेनेच सांभाळावी, कारागिराच्या भरवशावर सोडू नये, असे मानणाऱ्या रस्टसारख्या भाषा पुढे आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्याने रस्टला दार उघडले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात उत्पादकांना अशाच भाषांकडे वळण्याचे आवाहन करण्यात आले. या साऱ्याचा ठपका रिची यांच्यावर ठेवणे सोपे आहे आणि तसा तो ठेवलाही जातो. पण २४ किलोबाइटच्या यंत्रासाठी घेतलेला निर्णय पुढच्यांनी अब्जावधी यंत्रांवर तसाच चालू ठेवला, हा दोष त्यांच्या पदरात टाकता येणार नाही.

स्वतः रिची या वादात फार बोलले नाहीत. दुपारी कार्यालयात यायचे आणि घरच्या टर्मिनलवर रात्री उशिरापर्यंत काम करायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. ‘सी’ आणि युनिक्स कशी घडली याचे त्यांनी लिहिलेले वृत्तान्त नेमके, मिश्कील आणि श्रेयाच्या बाबतीत काटेकोर आहेत; कोणती कल्पना थॉम्पसन यांची, कोणती दुसऱ्याची, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत ‘प्लॅन ९’ आणि ‘इन्फर्नो’ या नव्या कार्यप्रणालींच्या कामात त्यांचा सहभाग होता. युनिक्सने बाकी ठेवलेले प्रश्न तेथे नव्याने हाताळले गेले, पण जग जुन्या युनिक्सवरच खूश राहिले. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना व थॉम्पसन यांना १९९८ सालासाठी देण्यात आले. २००७ मध्ये रिची निवृत्त झाले. २०११ च्या जपान पुरस्काराची निवड झाली तेव्हाही दोघांची नावे सोबतच होती. त्याच वर्षी जूनमध्ये रॉबर्ट मॉरिस वारले आणि ऑक्टोबरमध्ये रिची. नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेली लिनक्सची ‘फेडोरा’ ही वितरणाची सोळावी आवृत्ती रिची यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. बांधणीअभावी राहून गेलेला प्रबंध कुटुंबीयांकडून कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाकडे आला आणि २०२० मध्ये वाचकांसाठी खुला झाला.

‘गेटएस’चा निकाल लागला तो त्यांच्या निधनानंतर दोनच महिन्यांनी. २००७ मध्ये ते कालबाह्य म्हणून नोंदवले गेले होते. डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सी’च्या नव्या जागतिक प्रमाणातून ते पूर्णपणे वगळण्यात आले. भारतातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मात्र नव्वदच्या दशकातील टर्बो सी त्यानंतरही चालू राहिले आणि नाव विचारून ते पडद्यावर दाखवण्याचा पहिला धडा ‘गेटएस’नेच गिरवला जात राहिला. ग्नू लायब्ररीतूनही ते पुरते गेलेले नाही. नव्या आज्ञावलींना ते दिसत नाही. पण कधी काळी बांधलेली एखादी जुनी आज्ञावली बंद पडू नये म्हणून त्याचा सांगाडा आत जपून ठेवलेला आहे, आणि कोणी त्याच्याशी जोडणी करू पाहिलीच तर हे फंक्शन धोकादायक असल्याचा इशारा पडद्यावर उमटतो.